कोवळ्या मनाची सबब

आमचे एक स्नेही नुकतेच अमेरिकेंतील आपल्या चिरंजीवांकडे सहा महिने राहून परत आले. तेथील रस्ते, तेथील बर्फ, तेथील दुकानें यांचें वर्णन झाल्यावर त्यांनीं सहज म्हणून एक हकीकत सांगितली. त्यांची सात वर्षांची नात एके दिवशीं शाळेंतून आली ती थेट न्हाणीघरांत गेली आणि साबण लावून हात घाशीत बसली. वर्गांतील एका गोऱ्या मुलीनें तिला विचारलें होतें कीं, तुझे हात असे मळके कां? आजोबांनीं नातीला जवळ घेतलें, परंतु मुलगा व सून या दोघांनीं त्यांस बाजूला नेऊन बजावलें, "बाबा, हा विषय वाढवूं नका. तिचें मन कोवळें आहे. उद्यां ती विसरून जाईल." आमच्या स्नेह्यांना हें शहाणपणाचें वाटलें. आम्हांला तें तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

मूल म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर आपण 'काळा' आणि 'गोरा' हे शब्द लिहिले नाहींत म्हणजे ते तेथें उमटणार नाहींत, अशी या मताची बैठक आहे. ती खोटी ठरल्याला पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढें रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या अशा बाहुल्या ठेविल्या, आणि कोणती खेळावयास आवडेल, कोणती चांगली, कोणती वाईट दिसते, असे साधे प्रश्न विचारले. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, बहुसंख्य मुलांनीं गोरी बाहुली पसंत केली व काळी वाईट ठरविली. शेवटचा प्रश्न होता, 'तुझ्यासारखी कोणती?' तो ऐकतांच कांहीं मुलांस रडूं कोसळलें. १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालपत्राच्या तळटीपेंत क्लार्क यांच्या लिखाणाचा आधार दिलेला आहे. आतां आमचा प्रश्न असा कीं, या तीन वर्षांच्या बालकांस हा धडा कोणीं दिला? कोणा शिक्षकानें त्यांस व्याख्यान दिलें नव्हतें. दुकानांतील खेळण्यांनीं, पुस्तकांतील चित्रांनीं, रस्त्यावरील मोठ्या माणसांच्या मुद्रांनीं तो दिला. आणि घरची माणसें गप्प राहिलीं तेव्हां तो पक्का झाला. मौन म्हणजे न शिकविणें नव्हे. मौन म्हणजे दुसऱ्यानें शिकविलेल्यावर आपली सही करणें होय.

गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या पुरस्कर्त्यांस हें आपणांपेक्षां फार आधीं कळलें होतें. गुलामगिरी टिकविण्यासाठीं लढलेल्या दक्षिणेकडील सैनिकांच्या लेकी-नातींनीं १८९४ सालीं एक संघ स्थापन केला. पुतळे उभारणें हें त्याचें डोळ्यांत भरणारें काम. परंतु खरें काम शाळांतून चाललें होतें. मिल्ड्रेड रदरफर्ड या बाईंनीं १९२० च्या सुमारास क्रमिक पुस्तकें पारखण्याचा एक मापदंडच छापून काढला. गुलामांच्या मालकास क्रूर किंवा अन्यायी म्हणणारें पुस्तक नाकारावें, आणि ग्रंथालयांत तसें पुस्तक असल्यास तें दक्षिणेवर अन्याय करणारें आहे असें त्याच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावें, अशी त्यांत आज्ञा होती. बालकांसाठीं निराळी शाखा होती, आणि धर्मतत्त्वें घोकवितात तशी प्रश्नोत्तरें त्यांजकडून घोकवून घेत. व्हर्जिनिया संस्थानानें १९५७ सालीं मुलांच्या हातीं दिलेल्या इतिहासांत एक चित्र आहे. गलबतावरून आलेलें एक आफ्रिकन कुटुंब, अंगावर नीटनेटके कपडे, आणि गोऱ्या गृहस्थाशीं हस्तांदोलन! साखळदंड, कोंडलेलें तळघर, वाटेंत समुद्रांत फेंकलेलीं प्रेतें, यांपैकीं कांहीं नाहीं. हें पुस्तक १९७० नंतरही कांहीं वर्षें वर्गांत होतें. त्या सर्व काळांत मुलांच्या कोवळ्या मनाची चिंता या मंडळींस एकदांही पडली नाहीं. असत्य शिकवितांना मूल पुरेसें मोठें असतें; सत्य शिकविण्याची वेळ आली कीं तें एकाएकीं लहान होतें!

आणि कोवळें मन तरी कोणाचें? १४ नोव्हेंबर १९६० या दिवशीं न्यू ऑर्लीन्स शहरांत रूबी ब्रिजेस नांवाची सहा वर्षांची काळी मुलगी पूर्वीं केवळ गोऱ्यांसाठीं असलेल्या एका शाळेंत प्रथम गेली. तिच्या मागेंपुढें मध्यवर्ती सरकारचे चार सशस्त्र अधिकारी होते. दुतर्फा ओरडणारा जमाव पाहून त्या बालिकेस वाटलें कीं, गांवांतील कार्निव्हलचीच ही गर्दी. पुढें जमावांतील एका बाईनें शवपेटींत घातलेली काळी बाहुली तिच्यासमोर नाचविली, तेव्हां तिचा भ्रम फिटला. गोऱ्या आईबापांनीं आपलीं मुलें काढून घेतलीं. बार्बरा हेन्री या गोऱ्या शिक्षिकेनें वर्षभर रिकाम्या वर्गांत त्या एकटीला शिकविलें. रूबीला कोणी विचारलें नाहीं कीं, हा विषय तुझ्या वयाला झेपेल काय?

याच रूबीच्या चरित्रावर १९९८ सालीं मुलांसाठीं बोलपट निघाला. २०२३ सालीं फ्लॉरिडांतील एका शाळेंत दुसरीच्या वर्गास तो दाखविल्यावर एका पालकानें तक्रार केली कीं, गोरे लोक काळ्यांचा द्वेष करतात असें मुलें यावरून शिकतील. तक्रारीचा विचार होईपर्यंत तेथें तो बंद राहिला. चौकशीअंतीं मोकळा झाला, हें नशीब. जें सहा वर्षांच्या मुलीनें सोसलें, तें सात वर्षांच्या मुलांनीं नुसतें पाहणेंही जड! ओक्लाहोमा संस्थानांत तर याहून विलक्षण प्रकार घडला. तेथें टल्सा शहरीं ३१ मे व १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावानें ग्रीनवूड नांवाची काळ्यांची भरभराटलेली वस्ती जाळून बेचिराख केली. मृतांची संख्या तीनशेंपर्यंत असावी असा अंदाज आहे. त्याच संस्थानांतील मुलांच्या कित्येक पिढ्या ही घटना न ऐकतां शाळेंतून बाहेर पडल्या. तिची शताब्दी २०२१ च्या मे महिन्यांत आली, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तेथील राज्यपालांनीं एका कायद्यावर सही केली. आपल्या वंशामुळें कोणीं अस्वस्थता, अपराध किंवा मनःक्लेश मानावा असें शाळेंत शिकवितां कामा नये, असें त्यांत एक कलम आहे. इतिहास शिकवूं नका असें कायदा म्हणत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकास विषय टाळावयाला तेवढी धास्ती पुरते.

यावर प्रतिपक्षाचा आक्षेप असा कीं, आजच्या गोऱ्या मुलानें कोणास विकलें नाहीं कीं कोणाचें घर जाळलें नाहीं. त्याच्या माथीं पणजोबाचें पाप कां? आक्षेप रास्त आहे. लहान मुलास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणारा शिक्षक मूर्ख आहे, आणि असे मूर्ख सर्वच देशांत असतात. पण पाप वंशपरंपरेनें येत नाहीं म्हणून हिशेबही येत नाहीं, असें कोठें आहे? बापाचें घर ज्यास वारसानें मिळतें, त्यास त्या घरावरील कर्जाचे कागदही वाचावे लागतात. शिवाय सत्य सांगणें म्हणजे केवळ अत्याचारांची जंत्री वाचणें नव्हे. रूबीच्या गोष्टींत शिव्या देणारा जमाव आहे, तशी बार्बरा हेन्रीही आहे. गोऱ्या मुलास ती गोष्ट सांगितली, तर आपण कोणाच्या बाजूस उभें राहावयाचें हें तें स्वतः निवडील. गोष्टच लपविली, तर त्यास निवड करण्याची संधीच राहत नाहीं.

तिकडच्या शाळांची ही चर्चा आपण कां करावी, असें कोणी विचारील. याचें उत्तर आमच्या स्नेह्यांच्या नातीच्या हातांवर आहे. त्या देशांत आपलीं माणसें कोणत्या दारानें शिरलीं, हें आपण सोयिस्करपणें विसरतों. १९२३ सालीं भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांनीं तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें, आपण उच्च जातीचे आर्य, सबब गोरेच आहों, असा दावा मांडला. न्यायालयानें तो फेटाळला, आणि आधीं नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी लोकांचें नागरिकत्व पुढें काढून घेण्यांत आलें. आपल्या जातीची शिडी दुसऱ्याच्या भिंतीला लावून वर चढण्याचा तो प्रयत्न होता. शिडी पोंचली नाहीं. दार मोकळें झालें तें १९६५ च्या कायद्यानें, आणि तो कायदा काळ्या लोकांच्या समान हक्कांच्या लढ्यानें जागृत केलेल्या लोकमताचें फळ होता. आज तेथें सुखानें नांदणारा मराठी अभियंता त्या लढ्याचा ऋणी आहे, आणि आपल्या मुलीस त्या लढ्याची गोष्ट सांगावयास तो लाजतो! जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक, निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. पुण्यांत राहून त्यांस जें नातें दिसलें, तें त्या देशांत राहून आपल्या सुशिक्षितांस दिसूं नये काय? कदाचित् दिसतही असेल. परंतु काळ्यांची गोष्ट सांगूं लागलें कीं आपल्या घरची गोष्ट निघते. 'गोरी वधू पाहिजे' ही जाहिरात निघते, पाण्याचा निराळा पेला निघतो. मुलांच्या कोवळ्या मनाची सबब बहुधा आपल्याच जाड मनाच्या रक्षणासाठीं असते.

तेव्हां त्या नातीस काय सांगावयास हवें होतें? एवढेंच कीं, बाळ, तुझे हात मळलेले नाहींत. हा तुझा रंग आहे, तुझ्या आजीचाही हाच. ती मुलगी वाईट नाहीं, पण तिच्या मनांत एक खोटी समजूत बसली आहे. ती समजूत फार जुनी आहे, तिच्यापायीं पुष्कळ माणसांनीं पुष्कळ सोसलें, आणि तुझ्याहून एक वर्षानें लहान असलेली एक मुलगी तिच्यासमोर न भितां चालत गेली. चल, तिची गोष्ट सांगतों. दुसऱ्या दिवशीं शिक्षिकेस भेटून, त्या गोऱ्या मुलीलाही हीच गोष्ट सांगा, अशी विनंती करावयास हवी होती. यास पांडित्य लागत नाहीं. थोडें धैर्य लागतें.

"ती दुसऱ्या दिवशीं विसरून गेली, पुन्हा कांहीं बोललीच नाहीं," असें आमचे स्नेही समाधानानें म्हणाले. आम्ही आयुष्य शिकविण्यांत घालविलें आहे. आमचा अनुभव असा कीं, मुलें अशा गोष्टी विसरत नाहींत. त्या घरांत कोणाजवळ बोलावयाच्या नाहींत, एवढें मात्र तीं लवकर शिकतात.