दोष दर वेळी पावसाचा नसतो



रत्नागिरीतले इंटरनेट पावसामुळेच रखडते, हे गेल्या आठवड्यातील पत्रातले मत मला अर्धेच पटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस ना वीज होती ना फोन. ते हाल खरेच. पण चांगली उघडीप असताना एकच संगणक अडतो आणि त्याच वायफायवर मोबाइल सुरळीत चालतो, तेव्हा दोष तारेत शोधू नये.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपचे असेच झाले. एका फुकटच्या पीडीएफ सॉफ्टवेअरसोबत शिरलेला जाहिरातींचा प्रोग्राम तिने काढला, तरी एकही संकेतस्थळ उघडेना. राउटरकडून पिंगला उत्तर मात्र येत होते. त्या प्रोग्रामने विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता, म्हणजे खुद्द तोच संगणक, लिहून ठेवला होता. प्रोग्राम गेला, पत्ता राहिला. ब्राउझर रिकाम्या घराचे दार ठोठावत बसला. प्रॉक्सी बंद करताच सारे सुरू झाले. त्याआधी दुरुस्तीवाल्याने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकायला सांगितले होते. तिचे वर्षभराचे प्रकल्पाचे काम त्यात गेले असते, याचा मला आजही राग येतो.

पत्रलेखकांनी टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्राम इंटरनेट खातो हे ‘नेटवर्क’च्या रकान्यात पाहावे, ‘स्टार्टअप’मधले नको असलेले प्रोग्राम नाव तपासून बंद करावेत. अँटीव्हायरसला हात लावू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवावे; विंडोजची बरीचशी अपडेट मग परस्पर उतरत नाहीत.

– एक वाचक, रत्नागिरी