भाकड गाईचे दान

पुण्यातील एखाद्या सुखवस्तू कुटुंबाची पंधरा-सोळा वर्षे वापरलेली मोटार पीयूसीच्या चाचणीत नापास होते. गॅरेजवाला दुरुस्तीचा जो आकडा सांगतो तो ऐकून मालक गप्प बसतो. विकावयास जावे तर दलाल हात झटकतो, आणि भंगारात घालावी तर मन धजत नाही. कारण त्याच गाडीतून मुले प्रथम शाळेत गेली, त्याच गाडीतून आजोबांना इस्पितळात नेले. अशा वेळी घरात कोणाला तरी सुचते की मंचरच्या बाजूस, आंबेगावच्या डोंगरी भागात, गरीब मुलांसाठी काम करणारी एखादी संस्था पाहावी आणि गाडी तिला देऊन टाकावी. दारातील जागा मोकळी होते, संस्थेची सोय होते, आणि पुण्य पदरी पडते ते निराळेच. या विचारामागील सद्भावाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु सद्भावाने दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती पडल्यावर तिचे काय होते हे पाहिल्यावाचून त्या दानाची किंमत करता येत नाही, आणि ते कोणी पाहत नाही म्हणून हा विषय आज आम्ही येथे घेत आहोत.

हा प्रश्न येत्या काही वर्षांत वाढत जाणार आहे. १ एप्रिल २०१० पासून पुण्यासह निवडक शहरांत बीएस-४ प्रतीच्या मोटारी विकणे बंधनकारक झाले. त्या वर्षी घेतलेल्या खाजगी मोटारींची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ साली संपली. त्यानंतर नूतनीकरण करावयाचे म्हणजे आरटीओची तपासणी आली, पर्यावरण कर आला, आणि १ एप्रिल २०२२ पासून पूर्वीच्या ६०० रुपयांच्या जागी ५,००० रुपयांचे शुल्क आले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील मोटारींसाठी हेच शुल्क १०,००० रुपये केले. जुनी गाडी बाळगणे महाग करावयाचे आणि ती मोडीत काढणे सोयीचे करावयाचे, असे हे सरळ धोरण आहे. मात्र या दोन वाटांमध्ये दानाची तिसरी वाट उघडी राहिली आहे, आणि तिच्यावर कोणाचा पहारा नाही.

प्रथम नापास होणे म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन जागच्या जागी चालू ठेवून तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन मोजतात. बीएस-४ मोटारीस मर्यादा आहे ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे दहा लाखांत २०० भाग. बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के व ७५० भाग. त्याहून जुन्या गाड्यांना तर ३ टक्के व १,५०० भागांपर्यंत सूट आहे. म्हणजे कायदा म्हाताऱ्या गाडीशी मुळातच दहापट सौम्य आहे. इतकी सवलत असून जी गाडी नापास होते तिच्या पोटात काहीतरी खरोखर बिघडलेले असते. तो बिघाड एअर फिल्टरचा असेल, प्लगांचा असेल, ऑक्सिजन सेन्सरचा असेल किंवा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असेल. पहिले दोन दोष थोड्या पैशांत दूर होतात. शेवटचा खिशाला चटका देतो. इंजिनाच्या रिंगा झिजून ऑइल जळू लागले असेल तर मात्र दुरुस्तीचा हिशेब बसतच नाही. दान देऊ इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न हाच, की माझी गाडी कशामुळे नापास झाली?

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. या चाचणीची प्रतिष्ठा आपण सर्वांनी मिळून घालविली आहे. एका केंद्रावर नापास झालेली गाडी पुढच्या केंद्रावर पास होते, आणि कोठे कोठे गाडी न नेताही दाखला हाती पडतो, अशी कुजबुज कोणत्याही नाक्यावर ऐकावयास मिळते. त्यामुळे दात्याने ‘पीयूसी करून’ गाडी दिली एवढ्याने भागत नाही. दाखला शुद्ध आणि धूर अशुद्ध अशी गाडी मंचरला पोहोचली तर तिथल्या माणसाच्या छातीत दाखला जात नाही, धूरच जातो.

आणि हे मंचर म्हणजे कोणते? पुणे-नाशिक महामार्गावरील कांदा-बटाट्याची मोठी बाजारपेठ, आंबेगावच्या पूर्व भागातील पाणीदार, कष्टाळू शेतकऱ्यांचे गाव. त्याच्या पश्चिमेस घोडेगाव ओलांडले की डिंभे धरण लागते, आणि पुढे भीमाशंकरच्या बाजूस आदिवासी पाडे. ज्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला ते याच पट्ट्यात आहे. दान द्यावयाचे म्हणून शहराचे मन ज्या संस्थांकडे वळते त्यांचे काम बहुधा या पट्ट्यात चालते. तेथील रस्ता चढाचा व वळणांचा, पावसाळ्यात धुक्याचा. पुण्याच्या सपाट रस्त्यावर जी गाडी कशीबशी चालते ती या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत जाते आणि तिचा धूर दुणावतो. ज्या घरात इंजिनाची हेळसांड झाली त्या घरात ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांची निगा राखली गेली असेल असे मानण्यास आधार नाही. मागील बाजूस एग्झॉस्टचा नळ गळत असेल तर काचा बंद करून बसलेल्या मुलांच्या श्वासात तोच बिनवासाचा, न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड येतो जो चाचणीच्या यंत्राने मालकास दाखविला होता. मालकाने तो पाहिला आणि गाडी पुढे ढकलली. या कृत्यास दान हा शब्द लावताना लेखणी अडखळते.

खर्चाचे गणितही पाहावे. संस्थेला गाडी फुकट मिळते, पण विमा फुकट मिळत नाही, टायर फुकट मिळत नाहीत, आणि मेकॅनिकची मजुरी कोणी सोडून देत नाही. पीयूसीशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हा दंड दात्याला होत नाही. चालविणाऱ्याला व संस्थेला होतो. वर्गणी जमवून मुलांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या संस्थेच्या दारात असा पाहुणा बांधून ठेवणे म्हणजे तिच्या ताटातले काढून घेणेच होय. ‘धर्माची गाय आणि दात का नाहीत’ असे विचारू नये ही आपली जुनी रीत. त्यामुळे संस्थेचा चालक संकोचाने हो म्हणतो, आणि दोन वर्षांनी ती गाडी आवारातील चिंचेखाली गंजत उभी असते.

दात्याने आपण सुटलो असे समजण्याचे मात्र कारण नाही. आरसी पुस्तक व किल्ली हाती दिली म्हणजे मालकी गेली, हा आपल्याकडील सार्वत्रिक गैरसमज आहे. राज्यातल्या राज्यात हस्तांतर झाले तर देणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे कळवावयाचे असते. त्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे नमुने आहेत. ते न भरता गाडी दिली आणि पुढे अपघात झाला तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. तरीही कागदावर ज्याचे नाव राहिले तोच जबाबदार ठरला. औदार्याच्या भरात कागद विसरणाऱ्यांनी हा निकाल ध्यानी ठेवावा. आयकराची आशा धरून देणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. ‘ऐंशी जी’ या नावाने सर्वांच्या तोंडी असलेली सवलत पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीस मिळते, वस्तूच्या दानास मिळत नाही. आणि ज्यांनी नवी करपद्धती पत्करली आहे त्यांना तर तीही नाही.

अमेरिकेत नेमका याच्या उलट कायदा होता आणि त्याचे फळ त्या देशाने पाहिले. तेथे जुनी मोटार धर्मादाय संस्थेस दिली की मालक स्वतःच तिची किंमत ठरवून करात वजावट मागत असे. तेथील संसदेच्या हिशेबतपासणी खात्याने २००३ साली ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा दोनतृतीयांश प्रकरणांत संस्थेच्या पदरात मालकाने सांगितलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम पडली असल्याचे आढळले. मधले सारे दलाल, लिलाव व जाहिराती यांनी खाल्ले. २००४ मध्ये कायदा बदलला, आणि संस्थेने गाडी विकून जेवढे आले तेवढीच वजावट, असा नियम २००५ पासून आला. जगाच्या पाठीवर हेच मोठ्या प्रमाणावर चालते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या मोटारी निर्यात झाल्या, आणि त्यांतील सुमारे ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. श्रीमंत देशाने नाकारलेला धूर गरीब देशाने घ्यावा, आणि शहराने नाकारलेला तालुक्याने. अंतर लहान-मोठे एवढाच फरक.

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्यांचे दूध आटले, ज्या पुन्हा विणार नाहीत, अशा गाई यज्ञात वाटल्या जाताना त्या मुलाने पाहिल्या आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला. मृत्यूच्या दारापर्यंत गेलेल्या त्या साऱ्या संवादाची सुरुवात एका खोट्या दानाने झालेल्या अस्वस्थतेतून झाली, हे आपण सहसा विसरतो. बापाला राग आला, कारण मुलाने बरोबर ओळखले होते. आजच्या घरांतही गाडी कोणाला द्यावयाची याची चर्चा चालू असता एखादे लेकरू विचारीलच, की जी आपल्याला चालत नाही ती त्यांना कशी चालेल? त्याला गप्प करू नये.

तथापि आपल्याच समाजात याहून शहाणी एक रीतही आहे. बेल्ह्याच्या बाजारात बैल विकणारा शेतकरी आणि म्हातारा बैल पांजरपोळात सोडणारा शेतकरी हे दोघे एकच असतात, परंतु दोन्ही वेळी त्याचे वागणे निराळे असते. पांजरपोळात जनावर सोडताना जाणता माणूस वैरणीसाठी चार पैसेही ठेवून येतो. कारण दूध न देणाऱ्या जनावराचे ओझे दुसऱ्यावर टाकतो आहोत हे त्याला ठाऊक असते. मोटारीच्या बाबतीत एवढी जाण शहरातील शिकलेल्या माणसास असू नये, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

मग नापास मोटारीचे करावे काय? बिघाड किरकोळ असेल तर तो आपल्या खर्चाने दुरुस्त करावा, प्रामाणिक केंद्रावर गाडी पास करून घ्यावी, वर्षाचा विमा भरावा, नावाची बदली स्वतः उभे राहून करून द्यावी, आणि मग संस्थेला विचारावे की तुम्हांस ही हवी आहे काय. संस्था नको म्हणाली तर राग मानू नये. रुग्णवाहिका म्हणून देण्याचा मोह तर टाळावाच. रुग्णवाहिकेसाठी देशात स्वतंत्र मानक आहे. मागचे बाक काढून पलंग टाकला आणि वर दिवा लावला म्हणजे ती तयार होत नाही. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा चालू आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णांची तळमळ असेल त्याने तेथे काय उणे आहे याची चौकशी करावी.

बिघाड मोठा असेल तर गाडीचे आयुष्य संपले असे मानून ती नोंदणीकृत मोडणी केंद्रात न्यावी. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी अशी केंद्रे आली आणि पुणे परिसरातही ती आहेत. तेथे ऑइल, बॅटरी, वायू हे सारे रीतसर काढले जाते. नाक्यावरचा भंगारवाला ते नाल्यात सोडतो. धोरण जाहीर करताना सरकारने भंगाराची किंमत त्या जातीच्या नव्या गाडीच्या शोरूममधील किमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के धरली होती. आठ लाखांच्या गाडीस हे ३२ ते ४८ हजार रुपये होतात. शिवाय ठेव-प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नवी खाजगी गाडी घेताना मोटार करात २५ टक्क्यांपर्यंत सूट आहे. सरकारने १ एप्रिल २०२३ पासून आपल्या स्वतःच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांना हाच मार्ग लावला. दात्याने ही रक्कम धनादेशाने संस्थेस द्यावी. त्या पैशांत डोंगरातल्या मुलांच्या एसटीच्या पासांचा कित्येक महिन्यांचा खर्च निघेल, आणि एसटीचा चालक घाट जाणणारा असतो.

एक अपवाद आम्ही मोकळ्या मनाने मान्य करू. मंचरजवळ अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतनही आहे. इंजिन उघडून शिकणाऱ्या मुलांना नापास गाडी ही चांगल्या गाडीपेक्षा अधिक उपयोगाची. ती का नापास झाली हाच त्यांचा धडा. अशा शिक्षणसंस्थांना विचारावे. मात्र तेथेही आरटीओत नोंदणी रद्द करून मगच गाडी द्यावी, म्हणजे ती पुन्हा रस्त्यावर येणार नाही. आणि मंचर परिसरातील इतर संस्थांच्या चालकांस आमची विनंती आहे की गाडी देऊ करणाऱ्यास त्यांनी संकोच न करता तीन कागद मागावेत : चालू पीयूसी, चालू विमा, आणि सही केलेले हस्तांतराचे नमुने. जो दाता एवढ्यावर नाराज होऊन परत जाईल त्याची गाडी त्याच्याबरोबर पुण्यास परत गेलेली बरी.