मुलींच्या बोलण्यावरचा शिक्का

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या, मॉलमध्ये रमणाऱ्या किशोरवयीन मुलींचे ‘व्हॅली गर्ल’ हे नाव १९८२ साली अमेरिकाभर झाले ते त्याच नावाच्या एका गाण्यामुळे. संगीतकार फ्रँक झॅपा यांची मुलगी मून तेव्हा १४ वर्षांची होती. वडील एकतर दौऱ्यावर, नाहीतर रात्रभर स्टुडिओत. त्यांचा सहवास मिळावा म्हणून तिने स्टुडिओच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: मला तुमच्याबरोबर गायचे आहे. मग एका रात्री वडिलांनी तिला झोपेतून उठवले, मायक्रोफोनसमोर उभे केले आणि तिने आपल्या वयाच्या मुलींचे बोलणे हुबेहूब करून दाखवले. झॅपांचा रोख व्हॅलीतल्या चंगळवादावर होता. घाव मात्र मुलींवर बसला. गाणे बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३२व्या क्रमांकापर्यंत चढले, १९८३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. वाक्यावाक्यात ‘लाइक’ म्हणणारी, शेवटी प्रश्नासारखा सूर चढवणारी मुलगी म्हणजे बिनडोक, हा समज घट्ट झाला.

हा समज अन्यायाचा आहे, आणि चुकीचाही. वाक्यात मध्येच ‘लाइक’ पेरणारा टीव्हीवरचा गाजलेला बीटनिक (रूढी झुगारणारा तरुण) मेनार्ड क्रेब्स १९५९ मध्येच आला होता, आणि तो पुरुष होता. त्याच्याही कितीतरी आधी जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द असाच सापडतो, हे अलेक्झांड्रा डार्सी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी जुनी ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी तर शहरांतल्या बोली आयुष्यभर अभ्यासल्या. भाषेतल्या बहुतेक बदलांत बायका पुरुषांच्या पुढे असतात, हा त्यांचा निष्कर्ष. हेलसिंकीच्या दोन संशोधिकांनी १५ ते १७व्या शतकांतली सुमारे ६,००० इंग्रजी पत्रे चाळली, तिथेही बहुतेक बदलांत आघाडी बायकांचीच. आजच्या शुद्ध इंग्रजीतली कितीतरी रूपे अशी बायकांच्या पत्रांतून रुळली. त्यांच्या नातींच्या नातींना मात्र आपण अडाणी ठरवतो.

खरे तर या हेटाळणीचा भाषेशी संबंध थोडाच. कोवळ्या वयाच्या मुलींना जे आवडते, मग ते गाणे असो, कपडे असोत की बोलण्याची ढब, ते उथळच असणार असे आधीच ठरलेले असते. वाक्याअखेर चढणारा तोच सूर आज अमेरिकेतले पुरुषही सर्रास काढतात, आणि त्यांना कोणी टोकत नाही.

मुलाखतीला समोर बसलेल्या तरुणीचा सूर वाक्याअखेर चढला, तर गुण तिच्या उत्तराला द्या, सुराला नव्हे.