काडतूस भरण्याचं यंत्र घरी मागवताय? आधी कायदा वाचा!

कासार आंबोली (ता. मुळशी) : मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. घरातल्या टेबलावर हाताने दाबायचं एक प्रेस, साचे, दारू मोजायचा छोटा काटा. झाडलेल्या काडतुसाची पितळी टोपी पुन्हा भरून नवी गोळी तयार! 'नवशिक्यांसाठी कोणता संच घ्यावा' याचे सल्लेही तिथे सर्रास मिळतात. तिकडे तो छंद आहे. इकडे मात्र तोच संच मागवणारा थेट गंभीर गुन्ह्यात अडकू शकतो.

यंत्र म्हणजेच 'दारूगोळा'

बहुतेकांचा समज असा, की दारू आणि गोळी नसेल तर नुसत्या लोखंडी यंत्राला कोण विचारतंय? इथेच गफलत होते. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २ मधील 'दारूगोळा' या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग तर येतातच, पण दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परदेशातून तो आणायला कलम १० प्रमाणे परवाना लागतो. म्हणजे कुरिअरने आलेलं रिकामं यंत्रसुद्धा कायद्याच्या नजरेत साधं हत्यार-अवजार राहत नाही.

'माझ्याकडे रायफलचं लायसन आहे' हे उत्तरही पुरेसं नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि कलम ५ खालचा निर्मितीचा परवाना वेगळा. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याआधी ती ३ ते ७ वर्षं होती. शंका असेल तर परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारावं. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

गरज तरी किती?

नेमबाजीत पुढे जायचं तर काडतूस भरता यायला हवं, हाही गैरसमजच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. हा प्रकार .२२ रायफलचा. या काडतुसात पेट घेणारं मिश्रण टोपीच्या कडेतच असतं. घोड्याचा मार बसला की ती कड चेपते. त्यामुळे ही टोपी घरी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. ऑलिंपिकपर्यंतची वाट कारखान्यातल्या काडतुसांवरच चालली जाते.

शेतराखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी .३१५ रायफल बाळगणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. काडतुसं महाग, मिळणं अवघड, मोजकीच मिळतात, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर घरचा उपाय नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. पुरवठा वाढवा, अशी मागणी सरकारकडे करणं हा सरळ रस्ता.

मुळशीने आग पाहिलीय

धोका फक्त कोर्टकचेरीचा नाही. दारूचं माप किंचित चुकलं तरी रायफलची नळी फुटून हात, डोळे जाऊ शकतात. शेजारच्या उरवडेत ७ जून २०२१ ला रासायनिक कंपनीला लागलेल्या आगीत १५ हून अधिक कामगार गेले, त्यात बहुतांश महिला होत्या. ते प्रकरण वेगळं, पण पेटणारा माल आणि बंद जागा एकत्र आल्या की काय होतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको. चाळीतल्या खोलीत नाहीतर गोठ्याशेजारच्या पडवीत दारू साठवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशीही खेळ.

मग सुरुवात कशाने?

पोराला खरंच नेमबाजी शिकायची असेल तर पहिली वस्तू म्हणजे १० मीटरची एअर रायफल. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या मर्यादेतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. छर्रा शिशाचा, दारूचा प्रश्नच नाही. तरी पक्कं बिल घ्यावं आणि सराव रेंजवरच करावा. बालेवाडीचं क्रीडासंकुल मुळशीकरांना फार लांब नाही. आधी तिथे जाऊन प्रशिक्षकाला भेटावं, क्लबची रायफल हाताळावी, मगच स्वतःची घ्यावी.

पालकांनीही घरी येणाऱ्या पार्सलकडे एकदा लक्ष द्यावं. हजारो रुपये घालून आणलेलं यंत्र पौड पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात जमा झालं, तर नुकसान पैशांपुरतं राहत नाही. गुन्हा दाखल झालेल्या पोराच्या नोकरीचं, पासपोर्टचं आणि पुढच्या शस्त्र परवान्याचंही अवघड होऊन बसतं.