गोरेगावातले दुसरे शूटिंग

गोरेगावात राहणाऱ्या माणसाने ‘रविवारी मी शूटिंगला जातो’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणत्या सिनेमाच्या?’ त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. १९४३ साली आमच्या गावात फिल्मिस्तान उभे राहिले आणि १९७७ साली पूर्वेच्या टेकड्यांत चित्रनगरी आली. तेव्हापासून येथे शूटिंग म्हणजे दिवे, गर्दी आणि दुरून दिसलेल्या नटाची पाठ! बंदुकाही तेथे भरपूर उडतात. पण त्यांतून गोळी सुटत नाही आणि नायकाचा नेम चुकत नाही. माझे शूटिंग ते नव्हे. मी जातो वरळीला, महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या नेमबाजी केंद्रावर. तेथे नेम चुकतो, आणि तो किती चुकला हे मिलिमीटरात मोजून सांगितले जाते.

ही कीर्ती इमारतीत पसरल्यामुळे यंदा दसरा झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या वहिनी मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी अकरावीत. तिने मोबाइलवर अमेरिकेतली एक स्पर्धा पाहिली होती. खेळाडू पिस्तूल झाडत धावतो, ते एका पेटीत टाकतो, रायफल उचलतो, तीही ठेवून छर्ऱ्याच्या बंदुकीने लोखंडी तबकड्या पाडतो आणि एवढे सगळे मिनिटाच्या आत उरकतो. ‘मला हे शिकायचं आहे,’ असे तिने घरी जाहीर केले होते.

वहिनींनी चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, “भावजी, तुम्हीच तिला समजवा. खर्चाचं काय ते हे बघतील. पण घरात बंदूक आली, की ती कधी ना कधी नको त्या वेळी कुणाच्या तरी हातात येते. मला रात्रीची झोप लागायची नाही.”

अशा बोलण्यावर हसायची रीत आहे. मला हसू आले नाही. या खेळाचे सगळे नियम वहिनींच्या त्या एका वाक्यावरच उभे आहेत, असे माझे मत आहे.

मुलीने पाहिलेला खेळ आधी समजून घेऊ. इंग्रजीत त्याला ‘मल्टी-गन’ म्हणतात. आपण तीन बंदुकांची शर्यत म्हणू. १९७६ साली अमेरिकेत कोलंबिया गावी ‘व्यावहारिक नेमबाजी’ची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अचूकता, ताकद आणि वेग ही तिची त्रिसूत्री. आणि तीन बंदुकांची शर्यत त्याच कुळातली. खेळाडूजवळ एक घड्याळ धरलेले असते. त्याच्या शिटीबरोबर सुरुवात होते आणि शेवटच्या बाराचा आवाज ऐकून ते वेळ सांगते. लक्ष्य चुकले तर त्या वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. मोबाइलवर ही धावपळच दिसते. दिसत नाही ती गोष्ट अशी, की धावताना नळी ठरलेल्या रेषेच्या मागे वळली, तर गोळी सुटलेली नसली तरी तो खेळाडू त्या क्षणी बाद होतो. पेटीत टाकलेली बंदूक रिकामी किंवा खटका लावलेली नसेल, तरीही तेच. तेथे रदबदली चालत नाही.

आता हे आपल्याकडे शिकता येईल का? मी मुलीला सरळच सांगितले, की आज नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीला परवाना लागतो, आणि तो सर्वसाधारणपणे एकवीस वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. मोठ्या काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफली निर्बंधित वर्गात मोडतात; नेहमीच्या परवान्यावर त्या मिळत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. नामवंत नेमबाजांना जास्तीची सवलत आहे, पण तेथवर जायला आधी नामवंत व्हावे लागते! म्हणजे तीन बंदुकांचा हिशेब येथेच अडला.

मुलीचा चेहरा उतरला. वहिनींचा उजळला. पण माझे बोलणे संपलेले नव्हते.

कारण दुसरे एक दार उघडे आहे. साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याची, वीस ज्यूलपर्यंत ताकदीची हवाई रायफल किंवा पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. दहा मीटरच्या ऑलिंपिक स्पर्धा याच हत्यारावर होतात. मात्र ‘परवाना नाही म्हणजे खेळणे’ असे कोणी समजू नये. दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल वेगळे आणि हे वेगळे. याचा छर्रा माणसाचा डोळा घेऊ शकतो.

या खेळाची गंमत लांबून कळत नाही. दहा मीटर म्हणजे आपल्या चाळीच्या गॅलरीएवढे अंतर. तेवढ्यावरून काय मारायचे, असे वाटते. पण रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पाच-साडेपाच किलोची रायफल उभ्याने धरायची आणि सव्वा तासात साठ छर्रे त्या ठिपक्यावर पाठवायचे. मागच्या बारीक भोकातून पुढच्या माशीचे कडे दिसते, कड्याच्या मधोमध काळे वर्तुळ येते आणि नेमके तेव्हाच आपले हृदय धडकते! ते कड्यात दिसते. चाप ओढायचा नसतो, हळूहळू दाबायचा असतो. आणि ठिपका हलू लागला तर बंदूक खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची असते. शिकाऊ माणसाला सर्वांत जड जाते ते हे खाली घेणे. धरलेला नेम सोडून देणे कोणाच्या जिवावर येत नाही?

म्हणून चांगला शिक्षक पहिले काही दिवस छर्राच देत नाही. उभे राहायला शिकवतो. वजन बाहूंवर न घेता डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून रायफल हाडांवर कशी तोलायची, ते शिकवतो. नळी सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. सराव थांबला की नळीतून आरपार रंगीत दोरा ओवलेला, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसावे. पुढे लक्ष्यापाशी माणूस गेला असेल, तर बंदुकीला हातही लावायचा नाही. धावत्या शर्यतीतल्या खेळाडूला बाद करणारे नियम ते हेच. येथे ते उभ्या जागी अंगवळणी पडतात. पुढेमागे कायदा बदलला किंवा मुलगी परदेशी गेली, तरी यातले काही फुकट जाणार नाही.

“काका, मुलींना जमतं का हे?” तिने हळूच विचारले. मी तिला अंजली भागवतांचे नाव सांगितले. त्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीत होत्या आणि नेमबाजी शिकल्या वरळीलाच. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. २००२ साली म्यूनिकला पुरुषांशी बरोबरीने लढून ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरल्या. २००४ साली क्वालालंपूरला सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत चारशेपैकी चारशे गुण केले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेत्या झाल्या. मुलींना जमते का, हा प्रश्न आता मुलांसाठी विचारायला हवा!

अर्थात मुलेही मागे नाहीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले ते हे. त्यांची स्पर्धा ‘थ्री पोझिशन्स’ची: बंदूक एक, आसने तीन. गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभ्याने. तीनचीच हौस असेल, तर ही तीन आपल्याकडे आहेत, असे मी मुलीला म्हटले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. पायऱ्याही आखलेल्या आहेत. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर. राज्य स्पर्धेतून त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेत आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेत, असा हा जिना आहे.

राहिली वहिनींची झोप. त्यासाठी वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल, त्यांनाही मी तेच सांगेन जे त्यांना सांगितले: पहिले वर्षभर बंदूक घेऊच नका. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल काही लाखांत जाते आणि शिकाऊ हाताला तिचा उपयोग कमी. क्लबची रायफल वापरावी, ती क्लबातच ठेवून घरी यावे. पुढे घेतलीच, तर रायफल एका कपाटात, छर्रे दुसऱ्यात, आणि दोन्ही किल्ल्या आईकडे. वहिनींनी किल्ल्यांचे दोनदा विचारून घेतले. मग चहा घेतला. तो थंड झाला होता.

ज्यांना जाऊन पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गोरेगावकरांची वरळीची वाट आता सोपी झाली आहे. २०२५ पासून आरेहून भुयारी मेट्रो थेट आचार्य अत्रे चौकापर्यंत जाते. शुल्क आणि वेळा क्लबात विचाराव्यात. सोबत ओळखपत्र आणि छायाचित्रे न्यावीत, पायांत सपाट तळाचे बूट घालावेत. पोट रिकामे नसावे, पण चहा-कॉफी सराव संपेपर्यंत टाळावी, हात कापतो. आणि पहिल्या दिवशी आईला बरोबर न्यावे. बसायला मागे बाक आहेत, आणि तेथून नळीतला रंगीत दोरा स्पष्ट दिसतो.