दावणीवरचा हिशेब

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात जाणता शेतकरी किंमत विचारण्यापूर्वी बैलाचा जबडा उघडतो, जनावर आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की दाताला जुळलेले आहे याची खात्री करून घेतो, वशिंडावरून आणि खांद्यावरून हात फिरवतो, खूर न्याहाळतो, मालकाला चार पावले चालवून दाखवायला सांगतो, आणि एवढे सोपस्कार यथासांग पार पडल्यावरच रुमालाखाली दलालाच्या बोटांना त्याची बोटे लागतात. शहरातून आलेल्या माणसाला त्या रुमालाचे मोठे कौतुक वाटते. वास्तविक खरा व्यवहार रुमाल पडण्याच्या आधीच झालेला असतो. दात पाहणे म्हणजे त्या जनावराच्या कामाची किती वर्षे मागे पडली आणि किती पुढे आहेत याची रुजवात घालणे होय. दुसा बैल दोन-अडीच वर्षांचा. त्याला जू खांद्यावर घेण्याची सवय अजून लावायची असते, म्हणून आरंभीची वैरण ही कामाच्या मोबदल्याविना घालावी लागते. उलट पाचेक वर्षांचा जुळलेला बैल त्याच आठवड्यात नांगराला चालतो, परंतु त्याच्या चाकरीची मुदत तेवढी कमी उरलेली असते. खुरावरून पत्री मारण्याच्या खर्चाचा, खांद्यावरून आजारपणाचा आणि अंगलटीवरून कडबा-पेंडीचा अदमास घेतला जातो, आणि शेवटी बोटांवर ठरणारा आकडा या सर्व भावी खर्चांची वजावट करूनच ठरलेला असतो.

व्यवस्थापनशास्त्रात याच विचाराला जीवनचक्र-खर्चाचे विश्लेषण असे भारदस्त नाव आहे. वस्तू घेतानाची किंमत, ती चालवण्याचा खर्च, डागडुजी, गुंतलेल्या पैशावरील व्याज, आणि अखेरीस ती मोडीत काढताना हाती येणारी अथवा पदरची द्यावी लागणारी रक्कम, हे सारे एकाच ताळेबंदात मांडून मगच स्वस्त कोणते आणि महाग कोणते याचा निर्णय करावा, हा त्याचा मथितार्थ. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी ही पद्धत हाती घेतली आणि तेव्हापासून तिला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. गणिताच्या दृष्टीने तीत फारसे दुर्घट काही नाही. बेरीज, वजाबाकी आणि चक्रवाढ व्याज येणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ती जमावी. अडचण आहे ती माणसांची. बेल्ह्याच्या बाजारात हिशेब सहसा चुकत नाही याचे कारण असे की, बैल घेणारा आणि पुढे रोज पहाटे उठून त्याच्यापुढे वैरण टाकणारा माणूस एकच असतो. जेथे खरेदी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि विल्हेवाट तिसऱ्याच्या माथी, तेथे उत्तमातले उत्तम विश्लेषणही कपाटात पडून राहते.

आणि कधीकधी सरकारच मध्ये येऊन या ताळेबंदातील एखादी नोंद जमेच्या बाजूकडून खर्चाच्या बाजूला नेऊन ठेवते. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यान्वये, कामास निरुपयोगी झालेला बैल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत असे. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींची संमती मिळून मार्च २०१५ पासून अमलात आली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीलाही पूर्ण बंदी झाली. या कायद्याच्या धार्मिक अथवा नैतिक इष्टानिष्टतेचा खल करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि म्हाताऱ्या बैलाला अखेरपर्यंत दावणीला सांभाळणारी घरे या भागात पूर्वीही होती. तथापि हिशेबाच्या दृष्टीने काय घडले ते स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हाताऱ्या बैलाची जी मोडीची रक्कम नव्या जोडीच्या खरेदीत भर घालीत असे, तिच्या जागी आता काम न करणाऱ्या जनावराच्या काही वर्षांच्या वैरणीचा खर्च आला. म्हणजे बैलाच्या आयुष्यातील शेवटची ओळ बदलली आणि ती बदलताच पहिली ओळ, म्हणजे खरेदीची किंमतही, नव्याने तपासणे शेतकऱ्याला भाग पडले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या तुलनेने सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली आणि माद्यांची मात्र सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. या घटीचे सगळे श्रेय ट्रॅक्टरला देणारे विद्वान आहेत. ट्रॅक्टरचा वाटा मोठा आहे हे मलाही मान्य आहे, परंतु शेवटच्या ओळीकडे त्यांनी एकदा डोळे उघडून पाहावे. (शर्यतीच्या बैलांची गोष्ट अर्थात निराळी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली, २०२३ मध्ये घटनापीठाने ती उठवण्यावर शिक्कामोर्तब केले, आणि जुन्नर-आंबेगावच्या घाटांतून बैलगाडे पुन्हा धावू लागले. त्या बैलाला खुराक किती लागतो हे त्याचा मालक कोणाला सांगत नाही, आणि घरच्यांनीही विचारू नये अशी त्याची अपेक्षा असते. शौकाला ताळेबंद नसतो.)

आता बैलाकडून विहिरीकडे वळू. पाच अश्वशक्तीचा पंप ताशी चार-पाच युनिट वीज ओढतो. वर्षाला तो एक हजार तास चालतो असे धरले तर चार-पाच हजार युनिट होतात, आणि बारा वर्षांच्या आयुष्यात हा आकडा पन्नास-साठ हजार युनिटांच्या घरात जातो. युनिटला पाच रुपये एवढा माफक दर धरला तरी अडीच-तीन लाखांची वीज त्या पंपातून वाहून जाते, आणि खुद्द पंप दुकानातून काही हजारांत घरी आलेला असतो. यास्तव थोडी अधिक किंमत देऊन कार्यक्षम पंप घेणे हे शहाणपणाचे ठरावे. परंतु शेतकरी तसे करीत नाही, आणि त्याचे करणे चूकही नाही. कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने वीज मोफत दिली आहे, आणि त्यापूर्वीही बरीच आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर चाले. ज्याचे बिल आपल्या नावावर येत नाही त्याची काटकसर कोण करील? खर्च मात्र नाहीसा झालेला नाही. तो शेतकऱ्याच्या खातेवहीतून उठून राज्याच्या अंदाजपत्रकात अनुदान म्हणून बसला, काही अंश कारखान्यांच्या व दुकानांच्या वीजदरात शिरला, आणि उरलेला भाग भूजलाची पातळी खाली जाऊन विहिरीच्या शेजाऱ्याने भरला. सौर पंपाने हे कोडे निम्मे सोडवले आहे, कारण त्यात जवळजवळ सगळा खर्च आरंभीच होतो. मात्र तेथेही शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि बाकीचा सरकारचा. तेव्हा पाच वर्षांच्या हमीची मुदत सरल्यावर नियंत्रक बिघडला तर तो कोणी दुरुस्त करावयाचा, हा प्रश्न सौर पट्ट्यांच्या सावलीत तसाच बसून आहे.

या ठिकाणी एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. गरीब माणूस स्वस्त वस्तू घेतो, ती लवकर मोडते, तो पुन्हा स्वस्तच घेतो आणि एकंदरीत श्रीमंतापेक्षा अधिक खर्च करतो, असे म्हणून त्याच्या अदूरदर्शीपणावर प्रवचन झोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रवचनकारांनी व्याजाचा दर विचारलेला नसतो. दहा वर्षांनंतर वाचणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल, द. सा. द. शे. १० व्याजाने, सुमारे ३९ रुपये भरते; तेच महिना शेकडा दोन या सावकारी दराने काढले, म्हणजे वर्षाला २४ टक्के धरले, तर १२ रुपयेही भरत नाही. ज्याला बँक दहा टक्क्यांनी कर्ज देते त्याने टिकाऊ वस्तू घ्यावी आणि ज्याच्या मागे सावकार आहे त्याने तकलादू घ्यावी, हे दोन्ही निर्णय आपापल्या व्याजाच्या हिशेबाने बिनचूक आहेत. तेव्हा उपदेश करावयाचाच असेल तर तो कर्ज देणाऱ्या संस्थांना करावा. इंग्रजी अमदानीतील महसूल खात्याला एवढे तरी उमगले होते असे दिसते. विहीर, बांधबंदिस्ती यांसारख्या टिकाऊ सुधारणांसाठी १८८३ चा कायदा आणि बी-बियाणे, बैल यांसाठी १८८४ चा, अशी तगाईची दोन निराळी दालने त्याने केली. विहिरीचे कर्ज दीर्घ मुदतीने फेडावयाचे आणि बियाण्याचे लवकर, हे वस्तूच्या आयुष्याला हप्ता जुळवण्याचे तत्त्वच होते. तगाईच्या वाटपात मामलेदार कचेरीत जे हेलपाटे पडत त्यांचा खर्च मात्र कोणत्याच कायद्यात धरलेला नव्हता.

सार्वजनिक कामांत तर खरेदी आणि सांभाळ यांची फारकत पूर्ण झालेली आहे. न्यूनतम दराची निविदा मंजूर करणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, उद्‌घाटन करणारा लोकप्रतिनिधी पाच वर्षांत मतदारांपुढे जातो, आणि तीस वर्षे चालावयाची योजना तिसाव्या वर्षी कोणाच्याच कारकिर्दीत नसते. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या कृष्णा खोऱ्यातील उपसा सिंचन योजनांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. भांडवलावर कोट्यवधी रुपये खर्च झाले, पंप बसले, आणि मग विजेच्या थकबाकीपायी वीजपुरवठा तोडण्याची वेळ पुनःपुन्हा आली. पाणी वर चढवण्यासाठी वीज लागते ही गोष्ट योजना आखताना कोणाला ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? ठाऊक होती, परंतु बांधकामाचे पैसे एका शीर्षाखाली आणि विजेचे दुसऱ्या, आणि दुसरे शीर्ष रिकामे. शेवटी ८१ टक्के बिल शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरावे असे सूत्र निघाले. ते सूत्र योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतील. पण ते पहिल्या दगडाबरोबर ठरावयास हवे होते, यावर होऊ नये.

उलट उदाहरण हवे असेल तर नारायणगावाजवळच्या खोडदला जावे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखल्या तेव्हा, एवढ्या मोठ्या तबकडीला भरीव पत्रा लावला तर वारा तिला ढकलील, त्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी सांगाडा जड करावा लागेल, आणि जड सांगाडा फिरवण्यासाठी यंत्रेही मोठी लागतील, ही खर्चाची साखळी त्यांनी आरंभीच ओळखली. म्हणून पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांच्या जाळीचा केला आणि वारा त्यातून जाऊ दिला. ती तार गंज न चढणाऱ्या पोलादाची घेतली. साध्या तारेपेक्षा ती महागच. परंतु शेकडो फूट परिघाच्या तबकडीवर चढून जाळी बदलण्याचा खर्च कोणाच्या पदरी पडणार हे आखणाऱ्यांना पक्के माहीत होते, कारण ती दुर्बीण वापरणारही तेच होते. पुढे ग्राहक यंत्रणा आमूलाग्र बदलण्यात आली, तबकड्या मात्र त्याच राहिल्या. वस्तूच्या आयुष्यभराचा खर्च बहुतांशी कागदावरच्या आराखड्यात ठरून जातो. नंतर हाती उरते ती फक्त तेलपाण्याची काटकसर.

ज्या परिसरात ही दुर्बीण उभी आहे त्याच परिसरात टोमॅटोच्या वाफ्यांवर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरलेला दिसतो. तो पातळ मिळतो आणि जाडही मिळतो. पातळ स्वस्त असतो. हंगामभर काम देतो, तण दाबतो, ओल धरून ठेवतो. परंतु झाडे उपटल्यावर तो गोळा करू लागावे तर हातात चिंध्या येतात, अर्धा मातीतच राहतो, आणि उरलेला बांधावर ढीग करून पेटवला जातो. जाड कागद सलग निघतो, गुंडाळता येतो. दुकानात विचारावे तर भाव गुंडाळीमागे सांगतात. काढण्याची मजुरी, जमिनीत राहिलेल्या तुकड्यांनी पुढच्या पिकाच्या मुळांना होणारा अडथळा आणि बांधावरचा तो काळा धूर यांचा उल्लेख पावतीवर नसतो. उत्पादकाने आपल्या मालाची अखेरची विल्हेवाटही स्वतःच पाहावी असे बंधन विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत २०२२ च्या नियमांनी घातले आहे आणि सौर पट्ट्याही त्यांत आल्या. शेतातल्या वस्तूंनाही ते तितक्याच गांभीर्याने लागू झाले तर पातळ कागदाच्या गुंडाळीचा भाव दुकानातच वाढेल, आणि तो वाढणे योग्यच होईल.

बेल्ह्याच्या वर, घाट चढून गेले की आणे पठार लागते. खाली कुकडी प्रकल्पाचे कालवे आणि वर कोरडी शिवारे, हे दृश्य तेथील माणसाने कित्येक वर्षे पाहिले आहे, आणि पाणी वर उचलून द्यावे ही त्याची मागणी सर्वथा न्याय्य आहे. ती मंजूर व्हावी असे मला मनापासून वाटते. पण ज्या दिवशी तिचे अंदाजपत्रक तयार होईल त्या दिवशी बांधकामाच्या तक्त्याशेजारी दुसरा एक तक्ता जोडला जावा: पाणी किती मीटर उचलावयाचे, त्यास वर्षाला किती युनिट लागतील, कितव्या वर्षी पंप आणि कितव्या वर्षी जलवाहिनी बदलावी लागेल, पाणीपट्टी एकरी किती बसेल, आणि यांतील प्रत्येक रक्कम शासन, पाणीवापर संस्था की ग्रामपंचायत, यांपैकी कोण भरणार. तो तक्ता मराठीत असावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि योजनेच्या मंजुरीचा ठराव त्यानंतरच मांडला जावा.