श्रेयांकांची बँक आणि शेवटची बस

आमच्याकडे सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातून दूध येते. एके दिवशी दूध घालणाऱ्या भाऊंबरोबर त्यांची मुलगी आली. नुकताच वर्ध्याच्या एका कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेतलेली. हातातला मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘काका, तुम्ही बँकेत होते ना? मग माझं खातं उघडून द्या.’ सवयीने मी आधार कार्ड मागितले आणि पहिली रक्कम किती भरणार, ते विचारले. ती हसून म्हणाली, ‘पैशाचं नाही काका, क्रेडिटचं!’

सारी नोकरी खाती उघडण्यात गेली, पण हे खाते मला नवे होते. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही बँक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ सालच्या नियमांनी अस्तित्वात आली. इथे रुपये जमा होत नाहीत, अभ्यास जमा होतो. पंधरा तासांचे वर्गातले शिक्षण किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे. आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. एका वर्षाचे चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक मिळवून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स. मध्येच सोडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांत शिक्षण पुरे करता येते.

कागदावर ही योजना चांगली आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. आमच्या वेळी दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडून शिक्षण सुटलेल्या मुलाच्या हाती काही उरत नसे. दोन वर्षे कॉलेजात काढूनही तो जगाच्या लेखी ‘बारावी पास’च राहायचा. आता निदान केलेल्या कष्टाची नोंद राहील. परंतु बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच. खात्यावर जमा दाखवलेली रक्कम खरोखर तिजोरीत आली आहे काय?

हिशेब सोपा आहे. एका सत्राचे बावीस श्रेयांक म्हणजे कमीत कमी ३३० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला बावीस, म्हणजे दररोज जवळजवळ चार तास. हे चार तास घेणार कोण? ग्रामीण भागातल्या कितीतरी कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. ज्यांच्यावर वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. जेवढे तास तेवढे मानधन, सुटीत काहीच नाही. ज्याला स्वतःच्या पुढच्या सत्राची शाश्वती नाही, त्याने मुलांना चार वर्षांचे नियोजन कसे शिकवायचे?

आणि हे चार तास बसणार कोण? वर्धा जिल्ह्याचे वेळापत्रक विद्यापीठ ठरवत नाही, पाऊस आणि कापूस ठरवतो. जूनमध्ये प्रवेश आणि पेरणी एकाच वेळी येतात. हिवाळी परीक्षेच्या तोंडावर सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. घरची मुलगी त्या दिवसांत कॉलेजला गेली तर घरच्यांना मजूर लावावा लागतो. त्यातून बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो. कॉलेजात पाऊल टाकले की सवलतीचा का होईना, पैसे मोजून घ्यावा लागतो. दूधवाल्या भाऊंची लेक सांगत होती, ‘काका, शेवटचा तास करून निघाले तर घरी पोचेपर्यंत अंधारते. मग आई म्हणते, कशाला जातेस?’ विद्यार्थी गैरहजर का राहतात, यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी हे एक वाक्य ऐकावे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. एके काळी सारा विदर्भ त्याच्या कक्षेत होता. १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे उरले आहेत. तरी पद्धत जुनीच. शिकवायचे आर्वी-हिंगणघाटला, परीक्षेचा कारभार नागपूरला. मुलांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट आणि निकाल. ‘विद्यार्थी जीवन’ हा शब्द ज्यांच्यासाठी आपण वापरतो, त्यांतल्या बहुतेकांचे ते जीवन बसस्टँडवर जाते.

नव्या धोरणात मध्येच बाहेर पडण्याला ‘एक्झिट’ म्हणतात. पूर्वी त्याला गळती म्हणत. शब्द बदलल्याने दुखणे बदलत नाही. गंमत अशी की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे तरी चार श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यास करावा लागतो. आमच्या भाषेत हा खाते बंद करण्याचा आकार झाला! मुदतीआधी ठेव मोडणारा माणूस हौसेने मोडत नाही, हे मी काउंटरवर शेकडो वेळा पाहिले आहे. घरची अडचण असते. उद्या पहिल्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांत खेड्यातल्या मुली जास्त निघाल्या, तर ते त्यांचे ‘स्वातंत्र्य’ समजायचे की आपले अपयश?

तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्यासाठीही श्रेयांक ठेवले आहेत. ही कल्पना वर्ध्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि मातृभाषेतून, हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम जन्मली. तिचे नीट चालले नाही, कारण आपल्याला मुलांनी सूत काढलेले नको होते, कारकून झालेले हवे होते. आज तोच विचार इंग्रजी नावाने परत आला आहे. पण कारंजा किंवा आष्टीच्या बी.ए.च्या मुलाने काम शिकायला जायचे कुठे? ठिकाण न शोधता नुसते सही-शिक्क्याचे पत्र आणले, तर श्रेयांक जमा होईल, शिक्षण होणार नाही.

ठिकाणे मात्र आहेत. जिनिंग कारखाने, ग्रामपंचायती, प्राथमिक आरोग्य केंद्रे, बँकांच्या शाखा, १९३८ पासून ग्रामोद्योगाची ओळख करून देणारे मगन संग्रहालय. यांनी दर वर्षी दोन-दोन मुले घेतली तरी पुष्कळ होईल. कॉलेजने वेचणीच्या दिवसांचा विचार करून तास लावावेत, आगाराने शेवटच्या तासानंतरची एक बस द्यावी, शासनाने रिकाम्या जागा भराव्यात. यातली पहिली दोन कामे बिनखर्चाची नसली तरी अवघड नाहीत.

त्या दिवशी मी त्या मुलीचे खाते उघडून दिले. पडद्यावर बारा आकडी क्रमांक आला, तो तिने वहीत लिहून घेतला. भाऊ शेजारी उभे होते. त्यांनी विचारले, ‘साहेब, यात व्याज किती?’ मी म्हटले, ‘भाऊ, पोरीला तीन वर्षे मधूनच काढू नका, मग व्याज तुमची नातवंडं मोजतील.’ ते हसले, पण काही बोलले नाहीत. सोंगणी तोंडावर आली होती.